छत्तिसावा दात

प्रिय रुचिका वहिनी,

पत्र बघून दचकशील. फोन असताना ही बया कागद घेऊन कशाला बसली, असंही म्हणशील. पण फोनवर तुझं काय होतं ते मला माहीत आहे. मी जरा नीट बोलायला लागले की तू “बरं बरं, कुकर लागलाय” म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझ्या माहेरी दिवसभर कुकरच लागलेला असतो का गं? आणि आमच्याकडे फोनवर बोललेलं आईला भिंतीपलीकडून ऐकू येतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. मधेच घडी घालून ठेवू नकोस. अर्धवट वाचलंस तर घाबरशील. पूर्ण वाचलंस तर, मला वाटतं, घाबरणार नाहीस.

आधी बातमी. माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. वैशाखातलीच तारीख धरली आहे, वडप्यातल्या आपल्याच दारात मांडव. गोडाउनवाल्यांनी समोरची मोकळी जागा दोन दिवस ट्रक न लावता ठेवायचं कबूल केलंय. आमचे होणारे गृहस्थ कसे आहेत विचारशील, तर गाडीला हात लावायच्या आधी हात धुतात, नंतर नाही. यावरून काय ते ओळख. पण माणूस सरळ आहे. बायकोचं गॅरेज आहे हे चारचौघांत न लाजता सांगतो. आईला तेवढं पुरलं. मलाही पुरलं.

आईची एकच अट होती. वरात दादाच्या जीपमधून निघाली पाहिजे, आणि जीप स्वतःच्या पायांनी चालली पाहिजे. तुझ्या वरातीतलं तुला आठवतच असेल. बँजोच्या मागे मुंगीच्या चालीनं चालायचं म्हटलं की त्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तापून वाफ व्हायची आणि गाडी आचके देत बंद पडायची. नाक्यावर ती बंद पडली तेव्हा कुमारदादा फेटा सावरत स्वतः खाली उतरला आणि ढकलायला लागला, आणि तू शालू नेसून एकटी वर बसून खुदुखुदु हसत होतीस. नवरी अशी हसते का म्हणून बायका महिनाभर बोलत होत्या. त्याच दिवशी त्यानं शपथ घेतली, हेमाच्या वरातीत गाडी ढकलावी लागणार नाही. कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायचा सगळा किट त्यानं आणला, दातेरी चाक बसवलं, वायरी अर्ध्या ओढल्या. आणि मग त्या भाद्रपदात मामाकडे खाडीवर जाळं लावायला गेला. भरतीबरोबर होडी परत आली. तो आला नाही.

हे मी तुलाच सांगते आहे, मला कळतंय. पण आपण दोघींनी हे वाक्य एकमेकींना कधी सांगितलेलंच नाही. नेहमी “तेव्हापासून” म्हणतो आणि पुढे जातो.

तुझ्या आईचा फोन आला होता. शहापूरच्या रोपवाटिकेतल्या चांगदेवनं तुला विचारलंय, माणूस चांगला आहे, तुला आवडतोही, असं म्हणाल्या. मग रडल्या. तू म्हणे एवढंच म्हणालीस, “आणि तो आला तर?” वहिनी, सातवं वर्ष सरत आलं. वकील सांगतात की एवढी वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला कायदा गेलेला धरतो. कायद्याचं बरं असतं, त्याला आईच्या डोळ्यांत बघून बोलायचं नसतं. तू ना सवाष्ण, ना विधवा, ना माहेरवाशीण. कुंकू लावतेस तेव्हा तुझा हात मधेच थांबतो, हे मी गेल्या दिवाळीला बघितलं. मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते आहे.

तर जीप. मागच्या पत्र्याच्या शेडमधून ताडपत्री काढली तेव्हा आतून इतकी गरम हवा आली की आत कुणीतरी एवढी वर्षं श्वास कोंडून बसलं होतं असं वाटलं. मी अशी वाक्यं बोलत नाही, तुला माहीत आहे. भूतखेत, करणी, उतारा यांत माझा वकूब शून्य. मी वायरमध्ये करंट आहे की नाही एवढंच बघते. म्हणून पुढचं जे लिहिते ते कशावर विश्वास ठेवून लिहीत नाही, जे बघितलं ते लिहिते.

तुला थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजेक्शनच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. पेट्रोल कधी शिंपडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. त्यासाठी इंजिन फिरता फिरता या क्षणी नेमकं कुठं आलंय हे त्याला कळावं लागतं. म्हणून पुढच्या पुलीवर दातेरी चाक बसवतात आणि त्याच्यासमोर एक सेन्सर. मधे दोन लग्नपत्रिका जेमतेम सरकतील एवढीच फट. दात समोरून गेला की सेन्सर सांगतो, गेला. चाकाला जागा छत्तीस दातांची असते आणि दात मात्र पस्तीस. एक मुद्दाम गाळलेला. सगळे दात सारखेच दिसतात, मग कॉम्प्युटरनं मोजायचं कुठून? तर त्या रिकाम्या जागेपासून. ती आली की त्याला कळतं, हां, इथून सुरुवात. ती सापडली नाही तर तो ठिणगीच टाकत नाही, कितीही स्टार्टर मारा. दादा मला हे शिकवायचा तेव्हा म्हणायचा, “जो न्हाय ना हेमा, त्याच्यावरून मोजायचा असतं.”

आईनं ते चाक बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “दात पडलेला हाय याचा. खंडित वस्तू वरातीत न्हाय चालत.” फुटकं ताट, तडकलेला आरसा, भंगलेली मूर्ती, काही म्हणून ती शुभकार्यात जवळ येऊ देत नाही. मी हसले. समजावलं. तिनं मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या भोकात शहाळ्याची नळी उभी सोडली आणि पाना लावून इंजिन हळूहळू हातानं फिरवलं. नळी वर येते, थांबते, खाली जायला लागते. जिथं थांबते तिथं पुलीवर पांढऱ्या रंगाची खूण केली. लॅपटॉपच्या पडद्यावर दातांची रांग येत होती, फणीसारखी, आणि मधे एका ठिकाणी तुटलेल्या दाताची जागा. त्या जागेपासून मोजून कॉम्प्युटरला खूण सांगितली. दादानं सेन्सर तीन वायरचा निवडला होता, एक वायर करंटची, एक अर्थिंगची, एक निरोपाची. दोन वायरचा सेन्सर इंजिन जोरात फिरल्याशिवाय जागा होत नाही. हा मात्र हातानं एक दात सरकवला तरी सांगतो. हा माणूस प्रत्येक गोष्टीत इतका पुढचा विचार करायचा आणि हवामान मात्र कधी बघायचा नाही.

मग मी पाना काढून हात पुसत उभी राहिले आणि पडद्यावर आकडा हलला. इंजिन थंड, उभं. आकडा सांगतोय, फिरतंय. शून्य, मग चाळीस, मग शून्य, मग दीडशे. शेडवरून ती मोठी हायटेन्शन लाइन गेलीय ना, तिचा गुणगुण आवाज येत होता. क्षणभर पाठीवर काटा आला. मग स्वतःलाच एक शिवी दिली. सेन्सरच्या वायरीभोवती जाळी असते, बाहेरचा करंट आत शिरू नये म्हणून. ती जाळी एकाच टोकाला अर्थ करायची असते. मी घाईघाईत दोन्ही टोकांना केली होती, म्हणजे चोराला दार उघडून दिलं होतं. इंजिनकडचं टोक कापलं. आकडा शून्यावर येऊन गप बसला. माझीच चूक, माझंच निवारण. मला फार बरं वाटलं, कारण भीतीला असं कापता येतं हे माहीत असलं की झोप चांगली लागते. संध्याकाळी सीट ओल्या फडक्यानं चकचकीत पुसली, शेडला कडी घातली आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनेक्टर आणि स्लीव्ह आणायला निजामपुऱ्यात गेले. त्या गल्ल्यांत लूमच्या खडखडाटात दुकानदार ओरडून बोलतो, आपण ओरडून बोलतो, आणि परत आल्यावर घर फार शांत वाटतं. तशीच शेडमध्ये गेले. कनेक्टर जोडला, चावी फिरवली, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं, म्हटलं आता थोडा वेळ नुसतं बघू आकडा परत हलतो का. प्लग अजून बाहेरच होते. तेवढ्यात आईची हाक आली. जानकीबाई आली होती.

जानकीबाई आपली धवलारीण. तुझ्या हळदीला हिनंच धवले गायले होते. आता आवाज पिकलाय, पण नावं एकही विसरत नाही. हळदीच्या दिवशी ती गाण्यातून आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नावानिशी, की या, लेकीच्या मांडवात बसा. तीच नावं विचारायला ती आली होती. लडकूबाबा झाले, पार्वतीआजी झाली, बाबा झाले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आईला सरळ विचारलं, “कुमारचा नाव कंच्यात घालू, बायजा? जित्यांच्यात का पितरांच्यात?”

आई हातातली सुपारी कातरत होती. तो अडकित्ता थांबला. मी भिंतीला टेकून उभी होते. बाहेर एक कंटेनर मागे घेत होते, त्याची टीं-टीं चाललेली. आई म्हणाली, “पितरांत न्हाय.” जानकीबाई म्हणाली, मग पाहुण्यांत, जित्या भावाच्या मानानं घालू? त्यावर आई पुन्हा सुपारी कातरायला लागली. जानकीबाईनं तिचा हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली की ज्याला दोन्हीकडून आवतण नाही तो उंबऱ्यातच उभा ऱ्हातो, आत येत न्हाय का जात न्हाय. आणि यात आईचं चालत नाही, बायको सांगेल तसं. ही तिची रीत. तिच्या सासूपासून चालत आलेली. मग ती चहा पिऊन गेली.

मी शेडमध्ये परत आले. पडद्यावरचं रेकॉर्डिंग मागे नेऊन बघितलं. वहिनी, आम्ही तिघी घरात असताना इंजिन फिरलं होतं.

आकडे उड्या मारत होते असं नाही. आदल्या दिवशीचा तो भटका करंट म्हणजे गवत उगवल्यासारखा असतो, वेडावाकडा. हे तसं नव्हतं. एकेक दात, स्वच्छ, कडा कापल्यासारख्या. हातानं पाना लावून फिरवल्यावर येतात तसे. आणि फिरवण्याची एक चाल होती. तीन झटके, मग विसावा. तीन झटके, मग विसावा. तुला कुणी सांगायला हवं का, असं कोण फिरवायचं? तीन झटके झाले की पाना तसाच ठेवून हात पँटला पुसायचा, ती घाणेरडी सवय. तुझ्या किती साबणाच्या वड्या त्या पँटींवर गेल्या. मी पांढरी खूण बघितली. आदल्या दिवशी ती वरच्या बाजूला होती. आता ती खाली, जमिनीकडे होती. पाना भिंतीवरच्या खिळ्याला जिथल्या तिथं लटकत होता. शेडला एकच दार, आणि आम्ही बसलो होतो त्या पडवीतून ते समोर दिसतं. कुणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं.

मी पळाले नाही. मी तिथंच डबा उलटा घालून बसले आणि सवयीनं दात मोजायला लागले, कारण मोजलं की डोकं ताळ्यावर येतं. आणि मोजता मोजता लक्षात आलं की फणीत तुटलेली जागाच नाही. पुन्हा मोजलं. पूर्ण फेरा. छत्तीस. गाळलेला दात जागेवर होता.

काल नव्हता, आज होता. मी चाकाखाली हात घातला. चाकाचा मागचा भाग दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. एकेक दात चाचपत गेले. रिकामी जागा यायला हवी तिथं बोटाला काहीतरी लागलं. खरखरीत, थोडं ओलसर. भोवती नळाला लावायची पुट्टी. माझ्या तोंडून कुठला आवाज निघाला मला माहीत नाही, पण आई धावत आली.

ते तिनंच बसवलं होतं. सकाळी मी निजामपुऱ्यात असताना. खंडित चाक लेकीच्या वरातीत नको म्हणून. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला आणि मी चिडून तिला वाट्टेल ते बोलले, की अगं बाई, ती जागा रिकामी असेल तरच गाडी सुरू होते, तू भरून टाकलीस तर आयुष्यभर ढकलत बसावं लागेल. मग मी स्क्रूड्रायव्हरनं पुट्टी फोडली. आतला तुकडा हातात पडला आणि मी तो ओळखला.

ती दादाची अंगठी होती. शनीची, घोड्याच्या नालेची. तुला आठवतंय, बोट सुजलं होतं म्हणून कामतघरच्या लोहाराकडे नेऊन ती कापून रुंद केली होती, त्यामुळे तिची दोन टोकं कधी जुळली नाहीत? तूच पोलिसांना सांगितलं होतंस की तो गेला तेव्हा ती त्याच्या बोटात होती. तूच सांगितलं होतंस की ती निघतच नाही, अंघोळीलाही.

आईला विचारलं, ही कुठं मिळाली. ती अगदी साधेपणानं म्हणाली, “गाडीत. शीटवर व्हती. वल्ली.” त्याच सकाळी. मी आदल्या संध्याकाळी पुसलेल्या सीटवर. ओली, आणि तिला खाडीच्या चिखलाचा वास येत होता म्हणाली. वैशाखाच्या उन्हात पत्र्याची शेड, खाडी कुठं आणि आपण कुठं. मी विचारलं, चाक तू फिरवलंस का? तर म्हणाली, माझ्या या संधिवाताच्या हातांनी ते लोखंड फिरेल का? ती रिकामी जागा समोरच आलेली होती. तिनं फक्त अंगठी ठेवली आणि पुट्टी लावली. “त्याचीच हाय, तर त्याच्याच जागेवर बसवली.” आणि मग माझ्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाली, “त्यो आलाय हेमा. मना ठावं हाय. बयनीच्या लग्नाला आलाय.” तिचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

त्या दिवसापासून ती दुपारी जीपमध्ये जाऊन बसते. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. चहाचे दोन कप नेते. मी ओरडत नाही. एक कप प्यायलेला असतो आणि एक गार झालेला, त्यावर साय धरलेली. निदान तेवढं तरी जगाच्या नियमानं चाललंय म्हणून मी तो दुसरा कप उचलून मोरीत ओतते.

अंगठी मी धुतली नाही. डबीत ठेवली आहे. उजेडात नीट बघितली. गंजून अर्धी झालीय. आणि तिच्यावर पांढरी, खरखरीत कवचं धरलीत, बारीक बारीक, घट्ट. मामाच्या होडीच्या तळाला धरतात तसली. आपण दोघींनी एकदा ती खरवडली होती, तुझं नख तुटलं होतं. तशी कवचं लोखंडाला एका महिन्यात धरत नाहीत. आणि गाडीच्या सीटवर ठेवून तर कधीच धरत नाहीत. ही अंगठी खूप वर्षं खाऱ्या पाण्याखाली होती वहिनी. ती शेडमध्ये कशी आली ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून मी खोटं कारणही शोधणार नाही. पण ती कुठं होती ते मला कळलंय. आई म्हणते ते खरं आहे, तो आलाय. आणि तो गेलाय, हेही खरं आहे.

अंगठी काढल्यावर जागा परत रिकामी झाली, प्लग लावले, स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. टायमिंगचा दिवा धरला, पांढरी खूण एका जागी स्थिर. इतकं गुळगुळीत चालतं की दादानं ऐकलं असतं तर माझं कौतुक न करता वायरीत एखादी खोड काढली असती. मी तिथं उभी राहून पोटभर रडले. मला माझा भाऊ हवा होता गं. मांडवात, दारात, त्या स्टिअरिंगवर. अंगठी नको होती.

आणि अजून एक सांगते, कारण तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. आता हे लिहिताना मी शेडमध्येच बसले आहे. चावी चालू आहे, इंजिन बंद. मघाशी पडद्यावर तीन झटके आले, मग विसावा. पांढरी खूण माझ्या डोळ्यांसमोर सरकली. या वेळी रिकामी जागाही दिसली, बरोबर जिथं असायला हवी तिथं. मी घाबरले नाही, म्हणजे घाबरले, पण उठले नाही. म्हटलं, बस दादा, लिहिते आहे.

तर पत्राचं कारण. तुला वाटत असेल, मी स्वतःहून लिहायला बसले. नाही. आज सकाळी आई डबी उघडून अंगठीकडे खूप वेळ बघत बसली. ती खाडीकाठचीच लेक, तिला कवचं कळत नाहीत असं मी कसं धरून चालले? तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. डबी तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “रुचिकाला लिव. जानकीबाईला काय सांगायचा ते तिनं सांगावं. माझ्या तोंडातून न्हाय निघनार.” मी विचारलं, आणि ती पितरांत म्हणाली तर? आई म्हणाली, “तर तिला म्हनावं, हेमाला पयली हळद तूच लावायची, कोन काय बोलतं ते मी बघते.” वहिनी, जानकीबाईला काय सांगायचं ते तू ठरव, मी तुझ्या उत्तराला हो म्हणेन, कुठलंही असलं तरी. मग सकाळीच मी पाकिटात तुझी पत्रिका घातली तर आईनं हात धरला. पत्रिका एकच का घातलीस, म्हणाली. दुसरी तिनं स्वतः पुढे केली आणि त्यावर माझ्याकडून चांगदेवचं नाव लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलंय. तिनं सांगितलंय तसंच लिहिते: दोघं जोडीनं या.

तुझीच,
हेमाली